अहिल्याबाई होळकर : आघाडीच्या मागची लढाई



३१ मे ही अहिल्याबाईंची जयंती. पण तेव्हा आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. त्यामुळे मुलांसमोर अहिल्याबाई येतात त्या बहुतेक वेळा १३ ऑगस्टला, त्यांच्या पुण्यतिथीला. तेव्हा स्वातंत्र्यदिनाची तयारी चालू असते, कवायत असते, भाषणं बसवायची असतात. मग एखादी मुलगी पांढरी साडी नेसते, हातात महादेवाची पिंड घेते आणि चार ओळी बोलते. घाट बांधले, मंदिरं बांधली, न्याय केला, एवढ्यावर भाषण संपतं.

हे सगळं खरंच आहे. पण त्यांच्या आयुष्यातला एक मोठा भाग यात येतच नाही. राज्यकारभार हाती येण्याच्या आधी कित्येक वर्षं अहिल्याबाई लढाईचं काम करत होत्या. हे काम आघाडीच्या मागचं होतं. तोफा, दारूगोळा, दाणागोटा, पैसा, रस्ते आणि चौक्या यांचं. आजच्या लेखात अहिल्याबाईंचं चरित्र आपण याच बाजूने पाहू या.

चौंडीची मुलगी

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलींना शिकवायची पद्धत नव्हती अशा त्या काळात अहिल्येला लिहिता-वाचता येत होतं. पुढे हेच लिहिणं-वाचणं तिच्या किती कामाला आलं, ते आपण बघणारच आहोत.

१७३३ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा खंडेराव होळकर. सासरे मल्हारराव होळकर म्हणजे पेशव्यांचे माळव्यातले मोठे सरदार. मल्हारराव स्वतः साध्या धनगर घरातून वर आलेले, तलवारीच्या जोरावर सुभेदार झालेले. सासू गौतमाबाई कर्तबगार होत्या. १७३४ मध्ये पेशव्यांनी होळकरांच्या घरातल्या बाईच्या नावाने वेगळी जहागीर दिली, तिला खासगी म्हणत. म्हणजे घरातल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा आणि त्याचा हिशेब असायचा. हिशेब ठेवणारी बाई अहिल्येने लहानपणापासून घरातच पाहिली.

मल्हाररावांचं निम्मं आयुष्य घोड्यावर गेलं. आज बुंदेलखंड, उद्या राजपुताना, परवा दिल्ली. एवढ्या लांब लढणाऱ्या माणसाच्या मागे कोणीतरी भरवशाचं लागतं. पैसा वेळेवर वसूल झाला का? घोड्यांना दाणा पोचला का? जखमी झालेल्या शिलेदाराच्या घरी काही पाठवलं का? ही कामं नुसत्या नोकरांच्या भरवशावर होत नाहीत. मल्हाररावांनी हळूहळू सुनेला या कामात घातलं.

कुंभेर आणि त्यानंतर

१७५४ साली मराठा फौजांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. हे ठिकाण राजस्थानात भरतपूरजवळ आहे. त्या वेढ्यात मार्च महिन्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. मुलगा मालेराव आणि मुलगी मुक्ताबाई दोघंही अजून लहान होते.

त्या काळच्या रीतीप्रमाणे अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण बऱ्याचदा इथेच थांबतो. पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. मल्हाररावांनी सुनेला नुसतं जगवलं नाही, तर कामाला लावलं. वसुली, हिशेब, पत्रव्यवहार आणि फौजेची तयारी अशी एकेक जबाबदारी त्यांच्याकडे येत गेली. तोफेच्या गोळ्याने नवरा गेला, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनाच तोफा आणि गोळे यांची व्यवस्था बघावी लागली. त्यांच्या मनावर काय गेलं असेल, याचा विचार मोठ्या वर्गातल्या मुलांनी जरूर करावा.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झालं. मराठ्यांची एक पिढी कापली गेली. मल्हारराव जिवंत परतले, पण उत्तरेतली सगळी घडी विस्कटली होती. ठिकठिकाणी उठाव झाले, वसुली थांबली. त्याच वर्षी गौतमाबाई वारल्या आणि खासगीचा कारभार अहिल्याबाईंकडे आला. साठी ओलांडलेले मल्हारराव पुन्हा घोड्यावर बसले. मागचं सगळं आता सुनेवर होतं.

ग्वाल्हेरची कामगिरी

१७६५ सालचं मल्हाररावांचं सुनेला लिहिलेलं एक पत्र इतिहासकारांमध्ये प्रसिद्ध आहे. त्यातला आशय साध्या शब्दांत सांगते. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा. तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर. मोठा तोफखाना तिथे ठेव आणि त्याच्यासाठी होईल तेवढ्या दारूगोळ्याची सोय कर. महिनाभराच्या खर्चाची तजवीज करून मगच पुढे नीघ. वाटेत रस्त्याच्या रक्षणासाठी चौक्या बसव.

पत्रात सुनेची समजूत काढणं नाही, की एवढं जमेल का अशी शंका नाही. अनुभवी अधिकाऱ्याला द्यावा तसा हा हुकूम आहे. असा हुकूम पहिल्यांदाच काम करणाऱ्या माणसाला कोणी देत नाही. याचा अर्थ अहिल्याबाई हे काम आधीपासून करत होत्या आणि मल्हाररावांना त्याची खात्री होती.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते मुलांना कळेल असं उलगडून बघू.

त्या काळची मोठी तोफ म्हणजे कित्येक मणांचं धूड. ती ओढायला बैलांच्या जोड्यांमागे जोड्या जुंपाव्या लागत. नदी आली की उतार शोधायचा, चिखल आला की माणसं लावायची. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. ती ओली झाली की संपलं, आणि तिच्यावर ठिणगी पडली तर सगळी छावणीच उडाली. गोळा तोफेच्या तोंडाच्या मापाचाच लागतो. जास्त बारीक झाला तर नीट जात नाही, जाड झाला तर आत अडकतो. आपल्या जालन्याच्या एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्या मुलांनी पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या असतात. ओतकाम म्हणजे काय, हे त्यांना चटकन समजतं.

आता वर्गात एक गणित घालू. हे आकडे आपण मानलेले आहेत, पण त्यावरून अंदाज येतो. समजा १० तोफा आहेत आणि एका तोफेला १२ बैलजोड्या लागतात. म्हणजे झाले २४० बैल. एका बैलाला दिवसाला ६ किलो कडबा धरला तर रोजचा कडबा १,४४० किलो. महिन्याचा होतो ४३,२०० किलो. हा फक्त बैलांचा कडबा. घोड्यांचा चंदी-दाणा, गोलंदाजांचा पगार, लोहार, सुतार, चांभार, भिस्ती यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. पत्रातली ती महिनाभराच्या खर्चाची तजवीज ऐकायला सोपी वाटते. त्यामागे असा हिशेब असायचा. तो चुकला तर आघाडीवरचा माणूस उपाशी राहतो, नाहीतर त्याची तोफ मुकी राहते.

फौजेला धान्य पोचवायचं मोठं काम त्या काळी बंजारा समाज करायचा. हजारो बैलांवर गोण्या लादून तांडे फौजेच्या मागे चालत. आपल्याकडे मंठा-परतूर भागात कितीतरी तांडे आहेत. त्या तांड्यांवरची मुलं आपल्या वर्गात असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा. लढाया ज्यांच्या जिवावर चालल्या त्यांत त्यांचे पूर्वज होते. पैसा हुंडीने, म्हणजे सावकारांच्या पेढ्यांमार्फत फिरायचा. वाटेवर चौकी नसेल तर तांडाही लुटला जायचा आणि टपालही. म्हणून तर पत्रात चौक्यांचा उल्लेख आहे.

एका वर्षात दोन मृत्यू आणि एक चढाई

२० मे १७६६ रोजी आलमपूर इथे मल्हारराव वारले. मालेराव सुभेदार झाला, पण वर्ष पुरं व्हायच्या आत, एप्रिल १७६७ मध्ये तोही गेला. तेरा वर्षांत नवरा, सासू, सासरा आणि मुलगा गेला.

आता होळकरांच्या गादीवर कोण, हा प्रश्न आला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचं म्हणणं होतं की अहिल्याबाईंनी एखादं मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आपल्याकडे सोपवावा. त्यांना राघोबादादांची साथ मिळाली. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले, क्षिप्रा नदीपर्यंत आले. दौलत बाईच्या हातात आहे, म्हणजे सहज मिळेल, असा हिशेब होता.

अहिल्याबाईंनी काय केलं? तेच, जे त्या इतकी वर्षं करत आल्या होत्या. तयारी. शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं गेली. पुण्यात माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू पोचवली. तुकोजी होळकरांना फौजेसह क्षिप्रेवर उभं केलं. त्यांनी स्त्रियांचंही एक हत्यारबंद पथक तयार केलं होतं, असं परंपरेने सांगतात. बाईवर चढाई करून जिंकलात तर मोठेपणा नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा अर्थाचा निरोप त्यांनी राघोबादादांना पाठवल्याची गोष्टही प्रसिद्ध आहे. शेवटी राघोबादादा लढले नाहीत. आपण मालेरावाच्या सांत्वनाला आलो, असं म्हणून ते मागे फिरले. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिला आणि डिसेंबर १७६७ मध्ये कारभार रीतसर त्यांच्याकडे आला.

एकही गोळा न उडवता ही लढाई जिंकली गेली. ती जिंकायला पत्रं वेळेवर पोचावी लागली, माणसं जागेवर असावी लागली, खजिना हातात असावा लागला. त्यामागे पिछाडीच्या कामाचा दहा-बारा वर्षांचा अनुभव होता.

महेश्वरचा खजिना आणि तुकोजींची फौज

यानंतर सुमारे २८ वर्षं अहिल्याबाईंनी नर्मदेकाठच्या महेश्वरहून राज्य केलं. फौजेचे प्रमुख तुकोजी होळकर. म्हणजे आघाडीवर तुकोजी आणि मागे अहिल्याबाई. इंग्रजांशी झालेल्या पहिल्या युद्धात, १७७९ च्या वडगावच्या लढाईच्या वेळी तुकोजी होते. पुढे टिपूविरुद्धच्या मोहिमेतही होते. या सगळ्या मोहिमांना पैसा लागायचा आणि तो महेश्वरकडे मागितला जायचा.

इथे दोघांचं अनेकदा बिनसलं. तुकोजींना वाटायचं, आपण रणात आहोत, पैसा पटकन यावा. अहिल्याबाईंचं म्हणणं, आधी दिलेल्या पैशाचा हिशेब दाखवा, आणि मोहिमेवर आहात तर खर्चाचा काही भार मोहिमेतूनच उचला. यात दोघांनाही आपली बाजू होती. फौजेचा पगार थकला की शिपाई धरणं धरून बसतो, हे तुकोजींना रोज सोसावं लागे. आणि खजिना रिकामा झाला की वसुलीसाठी रयतेच्या गळ्याला तात लागते, हे अहिल्याबाईंना दिसत होतं. युद्धाचा पैसा शेवटी शेतकऱ्याच्या घरातूनच येतो, हे त्यांनी कधी नजरेआड होऊ दिलं नाही. मंदिरं, घाट आणि धर्मशाळांचा खर्च त्यांनी खासगीतून केला आणि दौलतीचा पैसा वेगळा ठेवला. काशी विश्वनाथापासून सोमनाथापर्यंतची कामं त्या खासगीतून उभी राहिली.

रस्त्यांच्या रक्षणाचं कामही चालूच होतं. डोंगरातल्या भिल्लांशी आधी कडकपणे वागून त्यांनी नंतर तोडगा काढला. वाटसरूंकडून ठराविक कर घ्यायचा हक्क भिल्लांना दिला आणि त्या बदल्यात वाटेची राखण त्यांच्यावर सोपवली. त्याला भिलकवडी म्हणत.

आणि गरज पडली तेव्हा त्यांनी महेश्वरहून फौजाही पाठवल्या. १७८७ मध्ये लालसोटला महादजी शिंद्यांना माघार घ्यावी लागली. ती संधी साधून मेवाडच्या फौजांनी मराठ्यांची ठाणी घ्यायला सुरुवात केली. तुकोजी जवळ नव्हते. अहिल्याबाईंनी घोडदळ रवाना केलं आणि १७८८ च्या सुरुवातीला हडक्याखाळच्या लढाईत मेवाडच्या फौजेचा पराभव झाला. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचं बंडही त्यांनी मोडलं, आणि तेही कठोरपणे. अहिल्याबाई दयाळू होत्या, पण राज्य राखताना हात आखडता घेत नव्हत्या. मुलांना दोन्ही बाजू सांगायला हरकत नाही.

सगळंच काही यशस्वी झालं असं नाही. त्यांच्या अखेरच्या काळात होळकरांनी फ्रेंच अधिकारी ड्युड्रेनेक याच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. पण १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर आपापसातच लढले आणि त्या पलटणींची दैना झाली. घरचेच घरच्यांवर तुटून पडले की पिछाडी कितीही नीट सांभाळा, उपयोग होत नाही. त्याआधी त्यांचा नातू गेला होता, जावई गेला होता आणि १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेली होती. सासऱ्याने आपल्याला अडवलं, पण आपल्याला लेकीला अडवता आलं नाही, हे दुःख त्यांनी अखेरपर्यंत वागवलं असणार.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला अहिल्याबाईंनी देह ठेवला. त्याच वर्षी मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली होती. खर्डा हे जामखेड तालुक्यातलंच गाव, म्हणजे त्यांच्या माहेरच्या मुलखातलं.

आपल्या जिल्ह्याशी नातं

अहिल्याबाई म्हणजे फक्त इंदूर-महेश्वर असं मुलांना वाटू देऊ नका. आपल्या जालना जिल्ह्यातला अंबड परगणा त्या काळी होळकरांकडे होता. अंबडच्या जुन्या बारवा आणि खंडोबाचं मंदिर लोक आजही अहिल्याबाईंच्या नावाने दाखवतात. मत्स्योदरी देवीला सहल गेली तर तासभर या बारवांसाठी जरूर ठेवा. पायऱ्या मोजायला लावा, पाणी कुठून येत असेल ते विचारा.

हे मुलांना का सांगायचं?

जगात पुढे मोठी युद्धं झाली तेव्हा आघाडीच्या मागच्या कामाला नाव आणि गणवेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, आपल्या देशातही स्त्रियांचं सहायक सैनिकी दल उभं राहिलं. त्या मुलींनी कार्यालयं, टेलिफोन, भांडारं सांभाळली. अहिल्याबाईंच्या वेळी अशा कामाला ना गणवेश होता ना हुद्दा. सून म्हणून त्यांनी ते केलं, आणि म्हणूनच ते आपल्या भाषणांतून सुटतं.

जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. तिथले जवान बंदोबस्ताला महिना-महिना बाहेर असतात. काही मुलांचे वडील सैन्यात आहेत. त्यांच्या घरी आई बँकेचे हप्ते, म्हाताऱ्यांची औषधं, शेतातली मजुरी आणि मुलांचा अभ्यास सगळं बघते. वडील काय करतात असं विचारलं की मुलं अभिमानाने सांगतात. आई काय करते असं विचारलं की म्हणतात, काही नाही, घरीच असते. अहिल्याबाईंचं चरित्र नीट शिकवलं तर हे उत्तर बदलायला हवं.

पालकांनाही एक विनंती. मल्हाररावांनी सुनेला हिशेब, पत्र आणि व्यवहार शिकवला म्हणून होळकरांचं राज्य टिकलं. आपल्या मुलीला बँकेत सोबत न्या. खताची पावती, विजेचं बिल, सातबारा तिला वाचू द्या. घरचा महिन्याचा खर्च तिला लिहायला सांगा. लग्न कुठेही होवो, हे शिक्षण तिच्याबरोबर जाईल.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. वर दिलेलं कडब्याचं गणित चौथी-पाचवीत सोडवून घ्या. मग तोफा १५ केल्या तर किती कडबा लागेल, ते विचारा.

२. भारताच्या नकाशावर चौंडी, कुंभेर, पानिपत, ग्वाल्हेर, आलमपूर, महेश्वर आणि अंबड दाखवा. चंबळ, क्षिप्रा आणि नर्मदा या नद्या निळ्या खडूने काढा.

३. सातवी-आठवीच्या मुलांना ग्वाल्हेरची कामगिरी द्या. चार गट करा : तोफखाना, दाणा-चारा, पैसा आणि चौक्या. प्रत्येक गटाने आपल्याला काय काय लागेल याची यादी करायची.

४. घरी कोण कोणती कामं करतं याची मुलांनी आठ दिवस नोंद ठेवायची आणि वर्गात वाचून दाखवायची.

५. पुण्यतिथीला जी मुलगी अहिल्याबाई होईल तिच्या एका हातात पिंड असू द्या. दुसऱ्या हातात हिशेबाची वही द्या, आणि भाषणात ग्वाल्हेरच्या तोफखान्याच्या चार ओळी घाला.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेच्या गटावर जरूर पाठवा.